नाकावरचा पहारा

मराठी भाषेने नाकाचे जितके लाड केले आहेत तितके दुसऱ्या कुठल्याही अवयवाचे केले नसतील. अब्रूचा प्रश्न आला की नाक वर राहते किंवा कापले जाते. साधा माणूस नाकासमोर चालतो, तापट माणूस नाकावर माशी बसू देत नाही, आगाऊ माणूस नको तिथे नाक खुपसतो आणि संसार ओढणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे राजकारण तर आपण घरातच शिकतो. पण या एवढ्या वाक्प्रचारांत नाकाचे जे खरे काम, त्याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. श्वास बिनबोभाट चालला आहे तोवर त्याच्याकडे कोण पाहतो?

वर्षातून एकदा मात्र प्रत्येक घराला त्याची आठवण होते. नवरात्र संपले की दिवाळीची झाडलोट सुरू होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, जळमटे निघतात, आणि घरातली बाई काही न बोलता पदर नाकावरून घेऊन मागे खोचते. मिरच्या कांडताना, धान्य पाखडताना, चुलीतली राख काढताना हेच. हा पदर कोणी शोधून काढला हे कुणी विचारत नाही. तो आपला आहेच.

नाकातोंडावर कापड घेण्याचे आपल्याकडे दुसरेही एक घराणे आहे. जैन साधूंची मुहपत्ती आणि पवित्र अग्नीसमोर पारशी धर्मगुरू बांधतात ते पदान. पण त्यांचा हेतू उलट असतो. आपल्या श्वासाने दुसऱ्या कुणाला बाधा होऊ नये म्हणून ते कापड असते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी १८९७ च्या सुमारास तोंडावर जाळीदार कापड बांधायला सुरुवात केली तीही याच हेतूने. म्हणजे एक कापड बाहेरचे आत येऊ नये म्हणून आणि एक कापड आतले बाहेर जाऊ नये म्हणून. मी आज सांगणार आहे ते पहिल्याविषयी, कारण आमच्या घराचा संबंध त्याच्याशी आला.

माझे वडील मुंबईतल्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या गाठी फोडून तो कापूस या खात्यात येतो आणि बारीक तारांचे दात असलेल्या फिरत्या पिंपांवर विंचरला जातो. तंतू सरळ होतात, कचरा गळतो आणि उरलेले सगळे हवेत जाते. बाबा पाळी संपवून घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असत. आई थट्टेने म्हणे, "आज किती वर्षांनी म्हातारे होऊन आलात?" कापूस छातीत साठू नये म्हणून गूळ खावा, अशी गिरणगावात समजूत होती. आई डब्यात रोज सुपारीएवढा खडा ठेवी. बाबा तो भक्तिभावाने खात.

बाबांचा सोमवार वाईट असे. रविवारची सुट्टी भोगून माणूस ताजातवाना व्हावा, तर त्यांची छाती सोमवारी संध्याकाळीच आवळून येई आणि मंगळवार-बुधवारपर्यंत थोडी मोकळी होई. आम्हांला वाटे, सुट्टी त्यांना मानवत नाही. पुढे कळले की कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराची ओळखच सोमवारवरून पटते. लंकाशायरपासून मुंबईपर्यंत कामगारांच्या छातीला तो वार ठाऊक होता. शास्त्रात त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला फक्त सोमवार जड जातो, मग आठवड्यातले बाकीचे वारही एकेक करून त्याच्या पंक्तीला येऊन बसतात.

"अहो, निदान नाकाला रुमाल तरी बांधत जा," असे आई म्हणे. त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले असे. "बांधतो गं. पण पातळ बांधावा तर धूळ आत जाते, आणि जाड बांधावा तर हवा येत नाही. घटकाभराने गुदमरायला होतं. मग काढून ठेवतो."

हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकले असेल. पुढे पदार्थविज्ञान शिकले, शाळेत तीस वर्षे शिकवले आणि वाचता वाचता ध्यानात आले की जगातले शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि कारखानदार दीडशे वर्षे नेमक्या याच वाक्याशी झटत होते. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने प्रश्न अगदी बिनचूक मांडला होता. हवा यावी आणि धूळ येऊ नये, हे कसे करावे?

या प्रश्नाला पहिला मोठा हात घातला जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने. खिडकीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण नाचताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने प्रकाशाचा एक प्रखर झोत सोडला आणि त्यात काचेच्या नळीतून श्वास सोडून दाखवला. सुरुवातीच्या श्वासात कण चमकत होते. पण श्वास संपत आला, छातीच्या अगदी तळातली हवा बाहेर आली, तेव्हा झोतात तेवढ्या जागी काळोख पडला. त्या हवेत चमकायला कणच उरला नव्हता. मग त्याने तोंडावर कापसाचा बोळा धरून श्वास घेतला आणि सोडला, तर सुरुवातीपासूनच काळोख. कापसाने धूळ बाहेरच अडवली होती. पुढे त्याने आगीच्या बंबावरच्या लोकांसाठी ग्लिसरीनने भिजवलेला कापूस आणि कोळसा भरलेले श्वसनयंत्रही तयार केले.

हा प्रयोग मी वर्गात सांगत असे तेव्हा मुलांना गंमत वाटे. मला मात्र त्यातला दुसरा अर्थ सोडत नसे. शेवटच्या श्वासात कण नव्हते, याचा अर्थ आत गेलेले कण आतच राहिले. छाती ही चांगली गाळणी आहे, फक्त ती झटकता येत नाही. डोळ्यांना दिसणारा भुवईवरचा कापूस निरुपद्रवी असतो, तो नाकातच अडकतो. घातक असते ती न दिसणारी धूळ.

टिंडलचा कापूस खऱ्या कसोटीला लागला तो चाळीस वर्षांनी, मांचुरियात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो गाठीचा. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीला दाखवले, आणि पुढे मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले. तेव्हापासून प्लेग म्हणजे उंदीर हे समीकरण डॉक्टरांच्या मनात बसले. १९१० च्या डिसेंबरात हार्बिन शहरात वू लिएन-ते नावाचे तरुण डॉक्टर पोहोचले. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे, वय अवघे एकतीस. त्यांनी शवविच्छेदन करून पाहिले आणि सांगितले की हा प्लेग फुप्फुसांचा आहे, तो श्वासातून पसरतो. त्यांनी गॉजच्या घड्यांमध्ये कापसाचा थर घालून मास्क करवले. शिवायला सोपे, स्वस्त, डोक्यामागे घट्ट बांधता येणारे. डॉक्टर, परिचारक आणि प्रेते उचलणारी माणसे या सगळ्यांनी ते बांधावेत असा त्यांचा आग्रह होता.

वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांना हे पटले नाही. ते मास्क न बांधता रुग्णांना तपासायला गेले आणि १९११ च्या जानेवारीत, थोड्याच दिवसांत, त्याच प्लेगने दगावले. त्यानंतर मास्क बांधायला कोणाची समजूत घालावी लागली नाही. त्या साथीत सुमारे साठ हजार माणसे गेली. विलगीकरण, प्रवासबंदी, प्रेतांचे दहन आणि हे मास्क या सगळ्यांनी मिळून काही महिन्यांत ती आटोक्यात आणली. कापूस माझ्या बाबांच्या छातीत शिरत होता हे खरे. पण त्याच कापसाने हार्बिनमध्ये माणसांच्या छातीवर पहारा दिला, हेही खरे.

पण मग बाबांच्या रुमालाने का पहारा दिला नाही? इथे आपली एक ठाम समजूत आडवी येते. आपल्याला वाटते की मास्क म्हणजे चाळण. भोके बारीक केली की झाले. तसे असते तर सगळे फार सोपे झाले असते. पण इतक्या बारीक भोकांतून हवाही सुखासुखी आली नसती. खरा प्रकार वेगळाच आहे. मास्कमधले तंतू हे चाळणीची जाळी नसून एखाद्या गर्द झाडीसारखे असतात. वाटा भरपूर, पण सरळ एकही नाही.

संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनच्या पुलावर उभे राहावे म्हणजे हे शास्त्र समजते. मोठे गाठोडे डोक्यावर घेतलेला माणूस वेगाने येतो, त्याला वळता येत नाही, तो खांबावर आदळतो. मोठ्या कणांचे तसेच होते. आईचा हात सुटलेले लहान मूल इकडेतिकडे भरकटते आणि शेवटी कुठल्या तरी खांबाला बिलगते. अतिसूक्ष्म कण असेच असतात. हवेचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात, त्यामुळे ते वाट सोडून भरकटतात आणि तंतूला चिकटतात. एकदा चिकटले की सुटत नाहीत. खरा बिलंदर तो मधला, रोजचा सराईत प्रवासी. तो आदळतही नाही आणि भरकटतही नाही. गर्दीतून अलगद अंग चोरून पलीकडे जातो. मास्कच्या बाबतीत हा सराईत म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून मास्कची परीक्षा घेताना याच सुमाराचे कण सोडतात. सराईताला पकडले तर बाकीच्यांची चिंता नको.

या सराईताला पकडायचे कसे? झाडी दाट केली तर बाबांचे वाक्य पुढे उभे राहते, गुदमरायला होते. उत्तर मिळाले ते आपण लहानपणी केलेल्या खेळात. कोरड्या केसांतून कंगवा फिरवला की तो कागदाचे कपटे ओढून घेतो. १९३० साली हॅन्सेन नावाच्या संशोधकाने लोकरीत राळेची बारीक पूड मिसळली. लोकर आणि राळ एकत्र पिंजली की घर्षणाने वीज निर्माण होते आणि राळेच्या कणांवर ती टिकून राहते. जवळून जाणारी धूळ मग ओढली जाते. झाडी विरळच राहिली, वाराही मोकळा राहिला, फक्त झाडांना हात फुटले! तेलकट धूर आणि ओल लागली की या लोकरीची ओढ कमी होई, ही तिची खोड. पण मूळ युक्ती सापडली होती, आणि ती पिंजण्यातूनच निघाली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता हवे होते ते अधिक बारीक तंतू. १९५४ साली वॉशिंग्टनच्या नौदल संशोधनशाळेत व्हॅन वेंटे यांनी असे तंतू काढण्याचे यंत्र वर्णिले. त्यांना मास्क करायचा नव्हता. अणुस्फोटानंतर उंच हवेत पसरणारे किरणोत्सर्गी कण पकडायला त्यांना गाळणी हवी होती. त्यांनी प्लास्टिक वितळवून बारीक छिद्रांच्या रांगेतून दाबले आणि बाहेर पडताक्षणी त्यावर दोन्ही बाजूंनी गरम हवेचा झोत सोडला. जत्रेत साखरेच्या पाकाचे म्हातारीचे केस निघताना पाहिले असतील, तर त्याचीच ही थोरली बहीण समजावी. झोताने तंतू ओढला जाऊन इतका बारीक होतो की माणसाच्या केसाच्या जाडीत असे वीस-तीस सहज मावावेत. ते तंतू फिरत्या पिंपावर एकमेकांत गुंतून पडतात आणि कापड तयार होते. ना चरखा, ना माग. आज मास्कच्या पोटात जो पांढरा थर असतो तो असाच तयार होतो, बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा. बादल्या आणि दोऱ्या करतात तेच हे प्लास्टिक.

आकार मात्र एका बाईने दिला. सारा लिटल टर्नबुल या गृहसजावटीच्या एका अमेरिकन मासिकाच्या संपादिका. थ्री-एम कंपनी तेव्हा न विणलेल्या कापडापासून भेटवस्तूंना बांधायच्या फिती करीत असे. १९५८ साली साराबाईंनी कंपनीला सांगितले की या कापडाला साच्यात घालून हवा तो आकार देता येईल, आणि अशा वस्तूंची मोठी यादीच पुढे ठेवली. आरंभी काम निघाले ते स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या वाटीचे. पण त्या काळात घरच्या आजारी माणसांसाठी त्यांचे इस्पितळात जाणेयेणे फार होते. तिथल्या परिचारिका पातळ कापडाचे बंद पुन्हा पुन्हा सारखे करताना त्या पाहत. तीच वाटी नाकातोंडावर का बसू नये, असे त्यांना वाटले. १९६१ साली कंपनीने फुग्यासारखा मास्क बाजारात आणला. तो जंतू अडवू शकेना, म्हणून धुळीसाठी विकला गेला. पुढे आतले कापड सुधारत गेले आणि १९७२ साली एकदा वापरून टाकायचा असा पहिला श्वसनमास्क अमेरिकेत सरकारमान्य झाला.

तैवानहून अमेरिकेत आलेले पीटर त्साय यांनी टेनेसी विद्यापीठात शेवटचा हात फिरवला. प्लास्टिकच्या त्या तंतूंवर तयार कापडातच विजेचा भार कायमचा कसा बसवावा, ही त्यांची पद्धत. तिचे पेटंट १९९५ सालचे. त्याच वर्षी अमेरिकेत एन-९५ हे मानक आले. एन म्हणजे तेलकट कणांपुढे टिकण्याची हमी नसलेला, आणि ९५ म्हणजे त्या सराईत कणांपैकी शेकडा पंच्याण्णव तरी अडवणारा. एवढे करून त्यातून श्वास मात्र घेता येतो. बाबांच्या वाक्याला उत्तर मिळाले ते असे.

या उत्तराचा मोल आपल्याला २०२० साली कळला. आधी लोक त्याला मुसके म्हणत, बैलाला बांधतात तसले. पुढे तेच मिळेनासे झाले. माझी भाची एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे. एकदाच वापरायची वस्तू पुरवून पुरवून वापरायची पाळी तिच्यावर आली. निवृत्त झालेले त्साय त्या वर्षी पुन्हा कामाला लागले होते. मास्क साबणाने किंवा स्पिरिटने धुऊ नका, त्यातला भार जातो. कोरडी उष्णता चालेल. नाहीतर काही मास्क ठेवून आळीपाळीने, मधे दिवस सोडून वापरा, असे ते सांगत होते. भाचीने गॅलरीतल्या दोरीला कागदाच्या पाच पिशव्या टांगल्या होत्या, आणि प्रत्येकीवर एकेक वार लिहिला होता. तिच्या नाकावर तारेच्या पट्टीचा वळ उठलेला असे. सोमवारची पिशवी उचलून ती पाळीवर निघाली की मला बाबांचा सोमवार आठवे. तिचा सोमवार मात्र इतर वारांसारखाच गेला.

बाबा १९८२ च्या संपानंतर गिरणीत परत गेले नाहीत. खोकला मात्र घरी राहायला आला. शेवटची चार वर्षे ते उशांना टेकून बसून झोपत, आणि १९८९ साली गेले. १९७२ पासून संपापर्यंत दहा वर्षे होतात. त्या दहा वर्षांत तो मास्क जगात होता आणि बाबा कार्डिंग खात्यात होते. दोघांची गाठ पडली नाही. शोध लागणे आणि तो पोहोचणे यांत किती अंतर असते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. ते मी मोजलेले आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मास्क हा शेवटचा पहारा आहे, पहिला नव्हे. यंत्राच्या तोंडाशीच धूळ शोषून घेतली तर ती कामगाराच्या नाकापर्यंत येतच नाही, आणि खरा इलाज तोच. मास्क देऊन मोकळे होणे म्हणजे घरात शिरलेल्या पाण्यावर पाट मांडून बसणे. पण पाणी ओसरेपर्यंत पाट तरी हवा की नको? यंत्रमागावर, दगडाच्या खाणीत, रस्ता झाडताना आजही कितीतरी माणसे नाकाला ओला रुमाल बांधून उभी असतात, आणि घटकाभराने तो काढून ठेवतात.

यंदा दिवाळीआधी घराला रंग काढला. भिंतीची पुट्टी घासायला विशीतला एक मुलगा आला होता. खोलीभर पांढरा धुरळा, आणि याच्या तोंडाला हातरुमाल. मी त्याला मास्क दिला, दोन्ही पट्टे कुठून घ्यायचे ते दाखवले आणि नाकावरची पट्टी चिमटीत दाबून बसवायला सांगितले. कारण कडेला फट राहिली तर आतल्या कापडाची सगळी विद्या फुकट जाते. त्याने दोन श्वास घेऊन पाहिले.

"बाई, हा गुदमरत नाही," तो म्हणाला.

दुपारी चहाला त्याने तो काढून खिडकीत ठेवला, आणि चहा झाल्यावर मी न सांगता पुन्हा बांधला. संध्याकाळी जाताना विचारले, "उद्याला हाच चालेल का? घरी धुऊन आणतो."

"धुऊ नकोस. कागदात गुंडाळून ठेव. श्वास जड लागायला लागला की सांग, दुसरा देईन."

त्याने तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला.